सहा पावलांवरचा तक्ता

९ फेब्रुवारी, रविवार

धाकट्या,

पाकिटावरचा पत्ता माझ्या अक्षरात नाही. असता तर तू पाकीट फोडलंच नसतंस, हे मला पक्कं ठाऊक आहे. आमच्या केंद्रातल्या मावशींकडून लिहून घेतला. त्या मुलांना घरून आणतात, नेतात, नाकं पुसतात आणि अक्षर माझ्यापेक्षा बरं काढतात. "बाई, सख्ख्या भावाला पत्र आणि पत्ता माझ्याकडून?" म्हणाल्या. मी म्हटलं, हात दुखतोय. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं आणि लिहून दिला.

फोन तू उचलत नाहीस. नवीन जागा घेतलीस तेही मला तिसऱ्याच माणसाकडून कळलं. असो. भांडायला बसलेले नाही. भांडायचं असतं तर एवढ्याशा कागदावर भागलं नसतं.

इकडे सगळं ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो बिचारा निदान बोलतो तरी माझ्याशी. केंद्राच्या भिंतींना पिवळा रंग दिला आणि आठवड्याभरात कमरेइतक्या उंचीवर हातांचे ठसे उमटले. काम तेच. बुटकं टेबल, दोन बुटक्या खुर्च्या, माझी पिशवी. पिशवीत दहा ठोकळे, ओवायचे मणी, चित्रांचे पत्ते, जाड पेन्सिल. चार ते सात वर्षांचं मूल समोर बसवायचं, खेळ म्हणून एकेक काम करून घ्यायचं आणि पत्रकाचे पाच रकाने भरायचे: अंगाची हालचाल, हाताबोटांचं काम, भाषा, समज, मिसळणं. कोण कशात मागे पडतंय ते वेळेवर कळलं तर वेळेवर हात देता येतो. बावीस वर्षं हेच करतेय. तू म्हणायचास, ताईला मूल दिसलं की आधी रकाना दिसतो.

टिटवी आता साडेसातची झाली असेल. अजून तशीच ओरडते का, की नाव बदलावं लागलं? कुठल्या वर्गात बसते? शाळेकडून वर्षअखेरच्या बैठकीचं वगैरे काही पत्र आलंय का? सहज विचारतेय.

तुझी बायको बरी असेल. तिला माझा नमस्कार सांग, किंवा नको सांगूस, तुझी मर्जी.

ताई


२३ फेब्रुवारी, रविवार

धाकट्या,

दोन आठवडे वाट पाहिली. बरं.

मग सांगूनच टाकते. "सहज" नव्हतं ते. टिटवीच्या शाळेचं पत्र चार तारखेला आमच्या केंद्रात येऊन पडलंय. त्यांनी लिहिलंय की तिला पुढच्या वर्षापासून वेगळ्या शाळेत पाठवायचं ठरत आहे, निर्णय अठ्ठावीस मार्चच्या बैठकीत होईल, आणि त्याआधी तिच्या जुन्या पत्रकावर पहिल्या तपासणाऱ्याची सही पुन्हा हवी. म्हणजे माझी. "त्या वेळी नोंदवलेलं सर्व बरोबर होतं" एवढंच खाली लिहून द्यायचं आहे. ते पत्रक त्यांनी सोबतच पाठवलंय, केंद्रात माझ्या खणात आहे.

तुला हे पत्र आलं असेलच. तू मला कळवलं नाहीस म्हणून मी तक्रार करत नाही. कुठल्या तोंडानं करू?

एकदा लिहू दे मला त्या दिवसाबद्दल. आपण त्यावर ओरडलो भरपूर, बोललो नाही. तपासणी मीच करावी हा हट्ट तुझा होता, आठवतंय ना? "तुझ्याजवळ ती घाबरणार नाही, ताई." पावणेपाच वर्षांची होती. आधी डोळे. भिंतीवरचा तक्ता, सहा पावलांवर उभं राहून ओळखायचा: घर, छत्री, मासा, चेंडू. तिनं घडाघडा सांगितलं, वर खिडकीतून समोरच्या छपरावरचे पारवेही मोजून दाखवले. मी लिहिलं, दृष्टी उत्तम. मग टेबलाशी बसवलं आणि सगळं फिसकटलं. मणी ओवेना. ठोकळ्यावर ठोकळा ठेवेना, ठेवला तर अर्धा बाहेर. चित्रातली मांजर दाखव म्हटलं तर पत्ता उलटा करून टेबलाखाली टाकला. रेघेवरून रेघ ओढ म्हटलं तर पेन्सिल घेऊन खोलीभर भिरभिरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसवलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. तेच. चार रकान्यांत "मागे" लिहिणं भाग होतं.

तू म्हणालास, सहा महिने थांब. मी म्हटलं, घरच्यांना वेगळी फूटपट्टी नसते. तू म्हणालास, "तू तिची आत्या आहेस की कारकून?" मी त्याच संध्याकाळी पत्रक पुढे पाठवलं. नंतर तुझी बदली झाली, तुम्ही सामान बांधलंत, आणि कागद तुमच्या आधी त्या गावात पोचला. तिला सावकाश मुलांच्या वर्गात बसवलं ते माझ्या कागदावरून, हे मला ठाऊक आहे.

आपला तो बाब्या असं मी केलं नाही, याचा मला अभिमान होता. अजूनही वाटतं, जे दिसलं ते मी खरं लिहिलं. दुसऱ्या कुणाच्या मुलीचंही तेच लिहिलं असतं.

पण एकोणीस दिवस झाले, सही झालेली नाही. काम फार आहे सध्या.

ताई


२ मार्च, रविवार

धाकट्या,

हे पत्र उभ्या उभ्या वाचू नकोस. बस कुठेतरी. आणि पुरतं वाच. माझ्यावरचा राग हवा तर दुप्पट कर, पण पुरतं वाच.

मंगळवारी आमच्याकडे एक पाच वर्षांची मुलगी आली, कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याची. तक्ता तिनं फटाफट वाचला. टेबलाशी आली आणि मणी ढकलून दिले. पत्ता दाखवला की खुर्ची मागे सरकवायची. मी पुढे ओढायची, ती मागे. असं पाच-सहा वेळा झाल्यावर मी पत्रकात "लक्ष टिकत नाही" लिहायला घेतलं. मावशी मागे केर काढत होत्या. त्यांनी विचारलं, "बाई, ही पोरगी चित्र बघायला मागं का सरकते?"

"टंगळमंगळ, दुसरं काय."

"मी सुई ओवताना हात असाच लांब करते की. जवळ धरलं तर मला दोराच दिसत नाही."

मला रागच आला. बावीस वर्षांच्या कामात केरसुणी घेऊन कोणी बोट घालावं, म्हणून. मावशींनी मात्र माझ्या हातातला पत्ता काढून घेतला, पार दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि विचारलं, "यात काय गं?" ती पोर बसल्या जागेवरून म्हणाली, "कोंबडी. तीन पिल्लं. एक पिल्लू अंड्यातून बाहेर येतंय." पुढचा पत्ता. "किटली, तिचं झाकण पडलंय." एकामागून एक बाराच्या बारा पत्ते. झाकण पडलंय हे मला स्वतःला कधी दिसलं नव्हतं.

धाकट्या, आमच्या तपासणीत डोळे बघतात ते फक्त लांबून. सहा पावलांवरून. आणि बाकीची झाडून सगळी कामं असतात नाकासमोर, वीतभर अंतरावर. बावीस वर्षं मी त्या दोन गोष्टी एकाच खोलीत करतेय आणि एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही की लांबचं दिसणं वेगळं आणि जवळचं दिसणं वेगळं. उलट ज्यांना लांबचं चांगलं दिसतं त्यांचा डोळ्यांचा प्रश्नच मी मिटवून टाकायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसा वळसा मी शेकडो मुलांना घातला असेल.

गुरुवारी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, मीच नेलं, तिच्या बापाला भट्टी सोडून यायला जमेना. डॉक्टरांनी थेंब घातले, तासभर बसवलं, मग तपासलं. म्हणाले, हिला जवळचं सगळं धुरकट दिसतं. लांबचं ही डोळे ताणून ताणून बघते, आणि लहान मुलांना ते जमतं, म्हणून तक्त्यावर पकडलं जात नाही. मी विचारलं, अशी मुलं काय करतात? म्हणाले, "काय करणार? जवळचं काम टाळतात. आणि आपण त्यांना चंचल म्हणतो."

मी केंद्रात येऊन खण उघडला.

मागच्या पत्रात मी तुला एक गोष्ट सांगितली नाही. विसरले नव्हते. टिटवी त्या तिन्ही दिवशी टेबलाशी बसली की दोन्ही मुठींनी डोळे चोळायची. लाल होईपर्यंत. पत्रकात माझ्याच अक्षरात आहे: "लवकर कंटाळते, डोळे चोळते." मी ते बघितलं होतं. लिहिलंही होतं. फक्त चुकीच्या रकान्यात.

कदाचित तिचं असं काही नसेलही. मी पुन्हा एकदा घाईनं ठरवतेय असंही असेल. पण तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ने, या आठवड्यात ने, आणि सांग की थेंब घालून तपासा, जवळचं तपासा. भिंतीवरच्या तक्त्यावर समाधान मानू नका म्हणावं. बैठकीला सव्वीस दिवस आहेत. ती वेगळी शाळा वाईट नाही रे, ज्या मुलांना तिची गरज आहे त्यांचं तिथे सोनं होतं. पण जिला नुसतं दिसत नाही तिनं तिथे का जायचं?

तू माझ्याशी बोलू नकोस. तिला घेऊन जा फक्त.

ताई


९ मार्च, रविवार

हे पत्र तुला, टिटवीच्या आई. तुझ्या नवऱ्याला तीन लिहिली, एकाचंही उत्तर नाही. त्यानं ती तुला दाखवली की नाही, मला कळायला मार्ग नाही, म्हणून सोबत तिसऱ्या पत्राची नक्कल जोडतेय. ती आधी वाच, मग हे.

वाचलीस? आता एक कर. तिच्या नाकासमोर वीतभर अंतरावर शर्टाचं बटण धर आणि भोकं किती ते विचार. मग तेच बटण हातभर लांब नेऊन विचार. उत्तरं वेगळी आली तर उद्याच डॉक्टर गाठ. सारखीच आली तरी गाठ.

तू मला कधी उलट बोलली नाहीस. त्या दिवशीसुद्धा तुम्ही दोघं निघालात तेव्हा तू दारातून परत आलीस आणि म्हणालीस, "ताई, ती घरी गोष्टी किती छान सांगते, ते कुठल्या रकान्यात लिहायचं?" मी म्हटलं, त्याला रकाना नाही. केवढी ऐट होती माझी! खरं सांगू? पत्रक पाठवलं तेव्हा आमच्या मोठ्या बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, स्वतःच्या भाचीलाही सूट दिली नाही, याला म्हणतात सचोटी. मला ते आवडलं होतं. फार आवडलं होतं. सहा महिने थांबले असते तर ते ऐकायला मिळालं नसतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आता त्याच मोठ्या बाईंपुढे जाऊन मी सांगितलं की आपली तपासणी अर्धी आहे. त्यांनी दोन्ही हातांनी कपाळ धरलं. म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं आपण नाकानं कांदे सोलत होतो?" मी म्हटलं, हो, आणि डोळ्यांत पाणी मुलांच्या आलं. दोघी मिळून गेल्या सहा वर्षांची पत्रकं काढून बसलोय. ज्यांच्या पुढे "तक्ता उत्तम" आणि "हातकाम मागे" असं दोन्ही आहे अशी सतरा निघाली. सतरा घरी मी स्वतः जाणार आहे. काल पाच झाली. एका आजोबांनी चहा पाजला, एका आईनं दार लावून घेतलं. तिचंही बरोबर आहे.

त्या सतरांमध्ये टिटवीचं पत्रक धरलेलं नाही. ते वेगळं ठेवलंय. सही करणार नाही, हे मात्र ठरलं.

तुझी
ताई


१९ मार्च, बुधवार

धाकट्या,

तुझ्या बायकोचा फोन आला. केंद्रात होते, पिशवी आवरत होते. तिनं "ताई" म्हटलं आणि रडायला लागली. मी पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "दोन्ही डोळ्यांना नंबर आहे, ताई. एकाला साडेपाच, एकाला सहा. शनिवारी चष्मा मिळाला. घरी येऊन हात धुवायला गेली आणि आतून ओरडली, 'आई, साबणावर अक्षरं आहेत!' मला वाटलं पडली की काय."

जीव भांड्यात पडला म्हणतात ना, माझा पडला तो आवाज मावशींनाही ऐकू गेला असेल. मी चुकले होते! मी साफ, धडधडीत चुकले होते, माझ्याच सहीनिशी, आणि मी त्या बुटक्या खुर्चीत बसून हसत होते. चूक निघाली म्हणून इतका आनंद झालेला माणूस मोठ्या बाईंनी प्रथमच पाहिला. मावशी म्हणाल्या, "बाई, पेढे वाटताय की पत्रक फाडताय?" दोन्हीही केलं नाही.

मग तुझ्या बायकोनं दुसरी गोष्ट सांगितली. म्हणाली, तुमचं पत्र मला बुधवारी मिळालं, पण हे मंगळवारीच तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. मला म्हणाले, शाळेनं सांगितलंय. शाळेनं कुठलं सांगायला!

म्हणजे तू वाचत होतास. तिन्ही. लबाडा, एक ओळ लिहायला काय झालं होतं? पण नको, काही बोलत नाही. तू तिला घेऊन गेलास. तुला माझ्या शब्दावर काडीचाही विश्वास ठेवायचं कारण नव्हतं, तरी घेऊन गेलास.

तिनं हेही सांगितलं, चाचरत सांगितलं, की तू म्हणालास: "ताईला म्हणावं कागद पाठव, येऊ नकोस." ते मला कळतं. पण तसं होत नाही, धाकट्या. पत्रक रद्द करायचं तर ज्यानं भरलं त्यानं समोर येऊन सांगावं लागतं, मुख्याध्यापकांपुढे, पालकांपुढे. नियमच आहे. आणि नियम नसता तरी मी आलेच असते. अठ्ठावीसला अकरा वाजता मी तिथे असेन. तू माझ्याकडे बघितलं नाहीस तरी चालेल. तुमच्या घरी उतरणार नाही, काळजी नको. सकाळची गाडी, संध्याकाळची परत.

सतरापैकी चौदा घरं झाली. चार मुलांना चष्मे लागले. एकीला काही निघालं नाही, तिची आई म्हणाली, बरं झालं विचारायला आलात. दार लावणाऱ्या बाई काल आपणहून केंद्रात आल्या, मुलाला घेऊन.

ताई


२९ मार्च, शनिवार

धाकट्या,

काल तुमच्या सगळ्यांसमोर मला धड बोलता आलं नाही. बैठकीत बोलले ते बोलले. नंतर माझी जी वाचा बसली ती घरी येईपर्यंत. म्हणून हे.

तुमच्या शाळेची ती खोली किती लहान होती रे! आपल्या सगळ्यांचे गुडघे टेबलाखाली एकमेकांना लागत होते आणि तू खिडकीकडे तोंड करून बसला होतास. मी सोबत आणलेलं पत्रक मुख्याध्यापकांनी माझ्यापुढे सरकवलं. मी रात्रभर वाक्यं घोकून आले होते, चांगली लांबलचक, कारणांसकट. तोंडातून निघालं ते एवढंच: "हे मी भरलंय आणि हे चुकलंय. मी मुलीला जवळचं दिसतं का हे न बघता जवळची कामं दिली."

ते म्हणाले, "म्हणजे मुलगी हुशार आहे, असं म्हणायचंय तुम्हाला?"

मी म्हटलं, "ते मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की ती मागे आहे असं सांगणारा कागद खोटा आहे. कागद काढून घ्या आणि मुलीकडे बघा."

तेव्हा तू खिडकीतून मान वळवलीस. मी पाहिलं.

त्यांच्या तपासणीवाल्या बाई तरुण आहेत, पण चोख. चष्मा लागल्यावर दोनदा तपासलं म्हणाल्या. भाषा वयापेक्षा पुढे, समज चांगली, हातकाम मागे, वाचन जवळजवळ दोन वर्षं मागे. ते शेवटचं ऐकताना माझी मान खाली गेली. ती दोन वर्षं कुणी परत देणार नाही. पण त्या पुढे म्हणाल्या, "नेहमीच्या वर्गात बसू दे, रोज तासभर मी तिला वेगळी घेईन, वर्षात ओढून आणू." मुख्याध्यापकांनी चष्मा कपाळावर चढवला, माझ्या पत्रकावर आडवी रेघ मारली आणि मला सही करायला सांगितलं. इतक्या वर्षांत इतक्या खुशीत सही केलेली आठवत नाही. तुझ्या बायकोनं टेबलाखाली माझा हात इतका दाबला की अंगठी रुतली.

मग आपण बाहेर आलो. तुम्ही दोघं त्या बाईंशी वेळा ठरवत उभे राहिलात, आणि मी व्हरांड्यातल्या बाकावर टेकले. गुडघा, दुसरं काय. टिटवी वर्गातून आली. मला वाटलं लांबूनच बघेल, ओळखणार नाही. ती सरळ चालत आली आणि माझ्या तोंडापुढे तोंड आणून थांबली. इतकी जवळ की मला तिच्या चष्म्यात मीच दिसायला लागले.

"आत्या, तुझ्या नाकावर तीळ आहे."

"जन्मापासून आहे."

"नव्हता," ती ठामपणे म्हणाली. "आणि रेघा केवढ्या आहेत!" मग तिनं बोट ठेवून त्या मोजायला घेतल्या. कपाळावरच्या आधी, मग डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या. एकही न वगळता, एकही दोनदा न मोजता, बोट नेमकं रेघेवर. सवय वाईट असते, धाकट्या. मनातल्या मनात माझे दोन रकाने भरूनही झाले. मग मी डोळे मिटले आणि तिला मोजू दिलं. मिटले नसते तर पंचाईत झाली असती.

"एकोणीस," ती म्हणाली.

"वीस," तुझा आवाज आला. तू कधी येऊन मागे उभा राहिलास मला कळलंच नाही. "भुवयांच्या मधली राहिली, टिटवे. नीट बघ. ती माझ्यामुळे पडलीय."

पावणेतीन वर्षांनी तू माझ्याबद्दल काही बोललास, आणि तेही माझ्या सुरकुत्यांबद्दल! मी डोळे उघडले तर तू हसत होतास आणि नाक लाल झालं होतं, लहानपणी व्हायचं तसं. मला उत्तर सुचलं नाही. मला, मला! तू "चल, गाडीला वेळ आहे, जेवून जा" म्हणालास, मी नुसती मान हलवली, तुमच्या मागोमाग आले, जेवले, टिटवीनं कपाटातली प्रत्येक बाटली आणून तिच्यावरची अक्षरं दाखवली ती पाहिली, आणि गाडीत बसेपर्यंत एक शब्द बोलले नाही. तुझी बायको घाबरली असेल, ताई आजारी बिजारी पडल्या की काय.

उत्तर गाडीत सुचलं, तीन तासांनी. आता उशीर झालाय, तरी लिहिते. ती भुवयांच्या मधली तुझ्यामुळे पडलेली नाही. ती माझी मीच पाडून घेतली, त्या संध्याकाळी, पत्रक पाठवताना. तिचा दोष तू घेऊ नकोस.

बाकीच्या एकोणीस मात्र तुझ्याच.

ताई